युद्ध जिंकलं तेव्हा टायर बदलत होते

डिलाईल रोडवर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या टायरला लाथ मारल्याशिवाय फौजी काका पुढे जात नसत. टॅक्सी असो, टेम्पो असो, नाहीतर कुणाची नवीकोरी गाडी. लाथ मारायची, कान देऊन ऐकायचं आणि म्हणायचं, "हवा कमी आहे." मालक चिडला तर म्हणायचे, "चिडा, पण भरून घ्या."

तुम्ही त्या रस्त्याने कधी गाडी लावली असेल, तर तुमच्याही टायरने ती लाथ खाल्ली असणार.

आमच्या चाळीतले ते एकटेच माजी सैनिक. एकाहत्तरच्या युद्धात होते. त्यामुळे दर विजय दिवसाला मंडळ पटांगणात खुर्च्या मांडून त्यांचा सत्कार करायचं. शाल, नारळ आणि 'दोन शब्द'. काकांचे दोन शब्द ठरलेले. "मी ट्रक चालवायचो. युद्ध जिंकल्याचं कळलं तेव्हा मी टायर बदलत होतो. जय हिंद." पुढे काहीतरी येईल म्हणून लोक थांबत. तोवर काका स्टेजवरून उतरून चपला शोधत असत.

मंडळाच्या अध्यक्षांना हे फार लागायचं. एका वर्षी त्यांनी भला मोठा बॅनर छापून आणला. त्यावर काका रणगाड्यातून वर आले होते. चेहरा पासपोर्टच्या फोटोतला, छाती कुणा पहिलवानाची.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच, काका."

"मी रणगाड्यात कधी बसलो नाही. ट्रक लाव."

"आता कुठे बदलू? जरा अॅडजस्ट करा ना. पब्लिकला काहीतरी दाखवायला पाहिजे."

संध्याकाळी अध्यक्षांनी माईकवर सांगूनच टाकलं, की काकांनी रणगाडा घेऊन शत्रूची फळी फोडली. टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत काका उभे राहिले.

"खोटं आहे," ते म्हणाले. "मी ट्रक चालवायचो. टायर बदलत होतो."

पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "पण ट्रकात होतं काय?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"जखमी जवान," काका म्हणाले. "हॉस्पिटलात न्यायचे होते. वाटेत टायर बसला. मी जॅक लावतोय, तेवढ्यात शेजारून एक जीप गेली, जीत गये, जीत गये करत. ट्रकात एक साताऱ्याकडचा जखमी होता. त्याने विचारलं, काय झालं रे? म्हटलं, जिंकलो. तर म्हणाला, मग आता घाई नाही, सावकाश बदल."

काकांनी शाल उगाचच सारखी केली.

"हॉस्पिटल यायच्या आत तो गेला. टायर बसला नसता तर पोचला असता, असं वाटतं."

अध्यक्ष बॅनरकडे पाठ करून उभे होते.

"टायर तुम्ही फोडलात का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग खाली या. चहा आलाय."

आणि वरच्या साहेबाचा हुकूम मानावा तसे काका मुकाट्याने खाली आले, आईशेजारी बसले आणि चहा प्यायले.

त्यानंतर ते स्टेजवर चढले नाहीत. दर वर्षी आईच्या शेजारी बसायचे आणि साताऱ्याच्या त्या जवानाचं नाव तेवढं अध्यक्षांना माईकवरून घ्यायला लावायचे. लाथा मात्र चालूच राहिल्या. त्या सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अध्यक्षांच्या गाडीला बसली. "मागचा डावा," काका म्हणाले. अध्यक्ष निमूटपणे पंक्चरवाल्याकडे गेले.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. डिसेंबरात अध्यक्षांनी दोन नावं घेतली, आधी त्या जवानाचं, मग काकांचं. "ट्रक चालवायचे," एवढंच पुढे म्हणाले आणि खाली बसले.

आईने शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. चहा आला तेव्हा तिने दोन कप मागून घेतले. थोडा वेळ दोन्ही तसेच धरून बसली, आणि मग दोन्ही प्यायली.