कुळांची नावे आधी वाचणारे कोटगिरे साहेब

आदरणीय विश्वंभरराव कोटगिरे साहेबांना मी प्रथम पाहिले ते आमच्या गावच्या चावडीत. गाव कंधार तालुक्यातले. वडील कोतवाल. शाळेत नाव घालण्याआधीच त्यांनी मला घरी अक्षरे शिकवली होती, आणि घरात दुसरी पुस्तके नसल्यामुळे माझा पहिला धडा जुन्या नोटिशींवरच्या चतुःसीमांचा होता: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. त्या दिवशी नायब तहसीलदार दप्तर तपासायला येणार म्हणून चावडी सारवून ठेवली होती. तलाठी सकाळपासून कोरे कपडे घालून बसले होते. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते.

साहेब आले आणि चावडीत न शिरता सरळ शिवारात गेले. दुपारी परतले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरला होता. मग त्यांनी दप्तर सोडायला लावले. आधी जमीन, मग कागद, ही त्यांची रीत. बांधावर उभे राहून ते चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारत, हे रान कोण कसतो. उत्तर वहीत टिपून घेत आणि मगच सातबारा उघडत.

वाचनाचीही त्यांची रीत वेगळी होती. सातबाऱ्यावर मालकाचे नाव ठळक असते. कुळाचे नाव इतर हक्काच्या रकान्यात, कोपऱ्यात. साहेब वाचनाला तिथूनच सुरुवात करायला लावत. नाव पुकारले की त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्याने 'हाय' म्हणायचे. कुणी बोलले नाही तर वहीत रेघ, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेतावर फेरी. नावे पुकारणाऱ्या बाबांचा घसा बसला होता म्हणून थोडी नावे साहेबांनी मला वाचायला दिली. कूळ म्हणजे काय, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "जमीन दुसऱ्याची, कसतो हा. म्हणून ह्याचं नाव इसरायला सोपं असतं, माय. आपण ते आधी घ्यायचं."

पुढे मी तलाठी परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे लातूरजवळच्या मुरुडला राहत होते. पेढा खाल्ल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि मला शेजाऱ्याच्या रानाच्या बांधाने चालवून आणले. नेमणुकीच्या पहिल्या वर्षी मी रोज फोन करून एखादी शंका विचारत असे. कुलूप लावले का हे पाहायला अर्ध्या वाटेतून परत जाणारी मी. त्यांनी एकदाही फोन कापला नाही. घरी ते मला 'तू' म्हणत. कचेरीच्या कामाचा फोन असला की 'तुम्ही'. त्यांच्या संथपणाला वरिष्ठ कंटाळत, हेही खरे आहे. त्यांच्या तपासण्या वेळेत संपल्याचे कुणाला आठवत नाही, आणि सोबतच्या कारकुनांचे जेवण तर हमखास चुके.

आता जे सांगायचे आहे ते साहेबांच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

माझी नेमणूक औसा तालुक्यात आहे. गेल्या वर्षी चावडी वाचन होते, म्हणजे गावासमोर सातबाऱ्यांवरची नावे मोठ्याने वाचायची. साहेबांच्या रीतीने मी कुळांची नावे आधी वाचली, मग मालकांची. वही मिटत असताना मागून गयाबाई कांबळे म्हणाल्या, "बाई, माझं आलंच न्हाई." तीन एकर रान त्या कसतात. आधी सासरे कसत, नंतर नवरा. सातबाऱ्यावर कुळाचा रकाना मात्र कोरा होता. मालकाच्या नातवाने ते रान विकून टाकले होते आणि त्या विक्रीचा फेरफार, म्हणजे नवा मालक नोंदवायचा कागद, माझ्याच टेबलावर होता. हरकतीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. जुना पुरावा सापडला नाही तर नवा मालक गयाबाईंना बांधावरही उभे करणार नव्हता.

मी तहसीलच्या अभिलेख कक्षात बसले. सर्वांत जुन्या पाहणी पत्रकात सासऱ्यांचे नाव कूळ म्हणून स्वच्छ होते. पान जीर्ण झाल्यावर जी नवी नक्कल केली, तिच्यात ते नव्हते. मधे कोणताही आदेश नाही, फेरफार नाही. नक्कल करताना एक ओळ गळली होती. खाली तत्कालीन तलाठ्याची सही होती. 'को'चा काना खाली ओढलेली ती सही मी ओळखली. परीक्षेच्या अर्जासोबतचा माझ्या चारित्र्याचा दाखला त्याच सहीचा होता. नोकरीच्या सुरुवातीला साहेब याच गावचे तलाठी होते.

दोन दिवस मी अहवाल लिहायला घेतला नाही. नक्कल कुणी केली हे न लिहिताही अहवाल देता आला असता. शेवटी झेरॉक्स घेऊन मुरुडला गेले आणि तेच साहेबांना सुचवले. त्यांनी भिंग मागवले आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली.

"अक्षर माझंच हाय," ते म्हणाले. "त्या साली मी रानात गेलो नव्हतो. चावडीत बसून उतरवलं."

तुम्ही आजारी असाल, असे मी म्हटले. त्यांनी भिंग खाली ठेवले. "कारण लिहू नका. सुनावणीची तारीख सांगा."

त्यांनी मला 'तुम्ही' म्हटले होते.

सुनावणीला ते एसटीने एकटेच औशाला आले. तहसीलदारांनी खुर्ची दिली. जबाब संपेपर्यंत ते बसले नाहीत. खरेदीदाराच्या वकिलांनी टोमणा मारला, पंचाहत्तरीला आल्यावर बरं आठवलं साहेबांना. "आठवलं न्हाई," साहेब म्हणाले, "वाचलं. तुम्ही बी वाचा." आणि दोन्ही पाने त्यांच्यापुढे सरकवली.

दुरुस्तीचा आदेश झाला. गयाबाईंचे नाव रकान्यात परत आले आणि विक्रीचा फेरफार नामंजूर झाला. कचेरीच्या पायरीवर गयाबाई साहेबांना म्हणाल्या, "लई उशीर केलात की, आण्णा. माझी सासू ह्याच कागदापायी झुरत गेली." साहेबांनी हात जोडले. थोड्या वेळाने गयाबाईंनीच पिशवीतून हरभऱ्याचे ढाळे काढून त्यांच्या हातात दिले. "खावा. त्याच रानातले हायती."

हा लेख मी आधी साहेबांना वाचायला दिला आणि हा भाग वगळू का, असे विचारले. तो त्यांनी राहू दिला. एकच दुरुस्ती केली. मी 'नजरचूक' लिहिले होते. त्यावर त्यांनी एक सरळ रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, वर 'हलगर्जी' लिहिले आणि शेजारी सही केली. ज्यांच्याकडून मी दप्तर ठेवायला शिकले, त्यांच्याबद्दल याहून मोठा गौरव मला लिहिता येत नाही.

यंदाच्या चावडी वाचनाला साहेब मुद्दाम आले आणि मागे सतरंजीवर बसले. पहिले नाव मी गयाबाईंचे वाचले. 'हाय' असा त्यांचा आवाज आला तेव्हा साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

कंधार तालुक्यात साहेबांच्या स्वतःच्या नावावर दीड एकर रान आहे. तिथल्याही चावडीत दरवर्षी नावे वाचली जातात. साहेबांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना बांधावर नेत राहोत, आणि पुढची पुष्कळ वर्षे 'विश्वंभर कोटगिरे' असे पुकारले की मागच्या ओळीतून त्यांनीच 'हाय' म्हणावे.