नापास होण्याची विनंती

लग्नानंतर पुण्याहून दिल्लीतल्या द्वारकेत आले तेव्हा आमच्या सोसायटीत माणसांपेक्षा रिकामे फ्लॅटच जास्त होते. मेट्रो यायची होती. बस बदलत मी गुडगावच्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवायला जायचे आणि पहिल्या तासालाच दमलेली असायचे. समोर बसलेली माणसं माझ्याहून दमलेली. सगळे निवृत्तीला आलेले फौजी. नोकरीच्या शेवटी सरकार त्यांना बाहेरच्या जगासाठी एक कोर्स करू देतं, पण एकदाच. तेव्हा गुडगावात नव्या कंपन्या येत होत्या, म्हणून पुष्कळांनी कॉम्प्युटरचा घेतलेला.

मागच्या रांगेतले एक सुभेदार रोज झोपायचे. एकदा मी वैतागून मराठीतच पुटपुटले, "इथं झोपायलाच येतात वाटतं!"

ते ताडकन उभे राहिले. "माफ करा, ताई. डोळा लागला."

साताऱ्याकडचे निघाले. मधल्या सुट्टीत चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. बायकोला मणक्याचा टीबी झाला होता. गावाकडे निदान व्हायलाच उशीर झाला. आता ती दिल्ली कॅन्टोन्मेंटजवळच्या भाड्याच्या खोलीत उताणी पडून असायची, औषधपाणी लष्करी हॉस्पिटलातून. तिचं अंग पुसणं, स्वयंपाक, धुणं उरकून हे क्लासला येत.

"मग एवढा अवघड कोर्स कशाला घेतलात?"

"दिल्लीजवळ हाच मिळाला. युनिट पार सीमेवर. हिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आणि खरं सांगू का, लग्न झाल्यापासून एवढे दिवस सलग आम्ही एका घरात कधी राहिलोच नव्हतो."

त्यानंतर मी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या शेजारचा हवालदार फरीदाबादला घराचं बांधकाम बघून यायचा आणि तोही पेंगायचा. मी मात्र फळ्यावर लिहीत राहायचे, कारण पगार त्याचाच होता.

परीक्षा जवळ आली तसे सुभेदार एका दुपारी मागे थांबले. टोपी हातात.

"ताई, मला नापास करता येईल का?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"डॉक्टर म्हणतात, अजून बरेच महिने लागतील. नापास झालो तर कोर्स परत करायला देतील, असं कुणीतरी म्हणालं."

मी आमच्या संचालकांना विचारलं. ते फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "अरे मॅडम, यहाँ कोई फेल नहीं होता. और हो भी जाए, तो दूसरा मौका नहीं मिलता."

सुभेदारांना हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. ते म्हणाले, "असू दे. विचारून बघितलं." परीक्षेत त्यांनी जवळजवळ कोरा पेपर दिला आणि प्रथम श्रेणीत पास झाले. बायकोजवळ गावाहून मेहुणीला बोलावून घेतलं आणि उरलेली नोकरी करायला युनिटला परत गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते स्वेटर घालून संस्थेत मला भेटायला आले. निवृत्त झाले होते, पण गावी गेले नव्हते. गुडगावातल्याच एका नव्या इमारतीवर सिक्युरिटीचं काम धरलं होतं, हॉस्पिटल जवळ राहावं म्हणून. कॉम्प्युटरचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

"वहिनी कशा आहेत?"

"पट्टा बांधून चालते आता. काल मोरीपर्यंत एकटी गेली. मला हात लावू दिला नाही."

एवढं सांगून ते भिंतीला टेकले. नाईट ड्यूटी करून थेट आले होते. मी चहा मागवला. तो येईपर्यंत त्यांना झोप लागली होती.