पोह्यांच्या दिवशी

शिरूरच्या एका पालक मेळाव्यात मी फार छान भाषण केलं होतं. मतिमंद मुलांच्या आया पुढं सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांची पोरं मांडवाबाहेर कुणीतरी सांभाळत होतं, आत कालवा नको म्हणून. आणि आत मी माईकवर सांगत होते, "मूल लपवू नका. चार लोकांत न्या." टाळ्या पडल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. आयांना चहा.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी फिरती विशेष शिक्षिका होते. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतली गावं स्कूटीवर पालथी घालायची, अशा मुलांना घडीभर शिकवायचं आणि मग घरी जाऊन घरच्यांशी बोलायचं. या बोलण्याला समुपदेशन असं भारदस्त नाव होतं. व्यवहारात मी बोलायचं आणि चहा उकळेपर्यंत आईनं मान हलवायची.

केडगावच्या बाहेर एका वस्तीवर अकरा वर्षांची एक मुलगी होती. आजोबांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं, बापानं ऊस लावलेला. मुलीला बोलणं जेमतेम यायचं, पण माणसांची भारी हौस. दारात कुणीही आलं की कमरेला मिठी मारून म्हणायची, "ये." पोस्टमनला, खतवाल्याला, मला. मी तिला फ्रॉकचं बटण लावायला शिकवत होते. लहान लहान पायऱ्या करायच्या, क्रम बदलायचा नाही, शेवटी बक्षीस द्यायचं. प्रशिक्षणात असंच सांगितलं होतं. बटणाचं प्रशिक्षण झालेलं नसावं. ते काही लागेना.

एकदा तिची आई म्हणाली, "म्याडम, एक काम व्हतं. गुरुवारी मोठीला बघाय पाव्हणं येणार हायेत. हिला तेवढं घिऊन जाता का कुठं? दोन तास."

"का बरं?" मी विचारलं. का, ते मला ठाऊक होतं. पण समुपदेशनात प्रश्न विचारायचा असतो.

"पाव्हण्यांच्या गळ्यात पडंल ती. मग म्हणत्याल, ह्यांच्या रक्तातच हाय. मोठीला कोण करून घील?"

ओट्यावरून आबा, म्हणजे तिचे आजोबा, म्हणाले, "न्या वो. गेल्या टायमाला आतल्या खोलीत कोंडली, तर दार बडवून बडवून घर डोक्यावर घेतलं. मेंढरू असतं तर गप बसलं असतं."

भाषण मला तोंडपाठ होतं. मी ते म्हटलं नाही. म्हटलं, "किती वाजता येऊ?"

गुरुवारी गेले तेव्हा कढईत पोह्यांचा कांदा तडतडत होता. आईनं घाईघाईनं मुलीच्या पायात चपला सरकवल्या. मी तिला स्कूटीवर मागं बसवून केडगाव स्टेशनवर नेलं. बिस्किटाचा पुडा घेऊन आम्ही बाकावर बसलो. दौंडकडची गाडी आली, पुण्याकडची आली. ती प्रत्येक डब्याला हात करून "ये, ये" म्हणत होती आणि खिडक्यांतली माणसं हात हलवत होती. तिच्यासाठी कुणी उतरलं नाही, पण तिची तक्रार नव्हती.

परत सोडलं तेव्हा आईनं माझे हात धरले. "तुमच्यावाणी आधार कुणी दिला न्हाई बघा." नोकरीतलं माझं हे पहिलं खरं कौतुक. ते मला आवडलं. आवडलं म्हणूनच मी पुन्हा गेले, हेही आता लिहून टाकते.

पहिल्या पाहुण्यांची पत्रिका जुळली नाही. दुसऱ्यांना मोठी सावळी वाटली. दर खेपेला तेच. कढईत कांदा, चपला, स्कूटी, स्टेशन, बिस्किटं. माझी कीर्ती पसरली. केंदूरच्या एका घरानंही विचारलं, "म्याडम, तुम्ही पोरं घिऊन जाता म्हणं?" मूल लपवू नका म्हणणाऱ्या बाई आता ते लपवायला घरपोच येत होत्या.

शेवटी मोठीचं जमलं. लग्नाच्या दिवशीही आम्ही स्टेशनवरच. आईनं धाकटीला नवं परकर-पोलकं घातलं होतं, हातावर मेंदी काढली होती. माया कमी होती असं कुणी म्हणू नये. बँडचा आवाज फलाटापर्यंत येत होता आणि ती नाचत होती. लोक बघून हसत होते. त्यांतलं कुणी नवरदेवाकडचं नव्हतं, त्यामुळं चालून गेलं.

लग्नानंतर आईनं मला मुद्दाम बोलावलं. "आता बघाय येणारं कुणी न्हाई, म्याडम. मिटलं सगळं. बसा, तुमच्यासाठी पोहं टाकते."

कढईत कांदा पडला तशी मुलगी उठली. तिनं कोपऱ्यातून चपला आणल्या आणि पायात घातल्या, डावी-उजवी न चुकता. मग माझ्या चपला आणून माझ्यापुढं जोडून ठेवल्या आणि घराकडं पाठ करून उंबऱ्यात उभी राहिली.

"आगं, आज न्हाई जायाचं," आई म्हणाली. "आपल्याच म्याडम हायेत. ये, बस."

ती हलली नाही.

"व्हय म्याडम," आबा म्हणाले, "पोरगी शिकली की वो तुमच्या हाताखाली!" टोमणा होता की कौतुक, ते मी विचारलं नाही.

लहान पायऱ्या, तोच क्रम, शेवटी बिस्किट. बटणाला जे साधलं नव्हतं ते सगळं इथं साधलं होतं. मी हाताला धरून तिला आत आणू लागले तर ती रडायला लागली. शिकवलेलं पुसायचं कसं, ते प्रशिक्षणात नव्हतं. आईनं पोह्यांची ताटली माझ्या हातात दिली आणि पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली.

मी ताटली खाली ठेवली आणि चपला घातल्या. मुलीचं रडणं तिथंच थांबलं. ती धावत स्कूटीपाशी गेली, सीटवर हात ठेवला आणि मला म्हणाली,

"ये."