खाटेवरून उठू न देणारा

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात त्याची रोज गाठ पडे. तळमजल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसून तो वरच्या वॉर्डातल्या खाटांवर लक्ष ठेवायचा. नाव मी विचारलं नाही. चहाला आला की परक्यांचेही कडेला ठेवलेले ग्लास टेबलावर आत सरकवायचा. मला वैताग यायचा.

एकदा काही विचारायला त्याच्या खोलीत गेले, तर पडद्यावर सासूबाई पाय खाली सोडून बसलेल्या. त्यांना एकटीनं उभं राहायची सक्त मनाई होती. त्यानं सिस्टरला बेल दिली आणि माईकवर म्हणाला, "माय, उठू नको."

"कोन शे? ये भाऊ, बठ. पानी आनस," सासूबाईंचा आवाज स्पीकरवर आला, आणि पाहुणचारासाठी त्या आणखीच पुढे सरकल्या.

त्यानं आवाज चढवला नाही. "पानी ऱ्हाऊ दे, माय. कळणानी भाकर कशी करतस, ते सांग ना."

सासूबाई थांबल्या. बसल्याजागी हवेतच पीठ मळू लागल्या. "मीठ कितलं?" तो विचारतच राहिला, सिस्टर येईपर्यंत.

त्याच्या जागी मी असते तर ओरडले असते, आणि त्या दचकून पडल्या असत्या. आभार मानायला तोंड उघडलं, तर मागे न वळताच, पुन्हा बेल दाबत तो म्हणाला, "थांबा ताई, पलीकडना बाबा उठी ऱ्हायना."