गाडीच्या दारातला माणूस

चिखलीच्या चंद्रिका फोटो स्टुडिओत नीळकंठ बारा वर्षं एकाच खिडकीशी बसला. काम रिटचिंगचं. पॉलिशकागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची, निगेटिव्ह उजेडापुढं धरायची आणि लोकांच्या गालांवरचे देवीचे व्रण बुजवायचे. बसून बसून त्याचा डावा खांदा पार उतरला होता. बागाईतदारांनी मोटारी घेतल्या, तसे तो मोटारींचे पोचेही बुजवू लागला. त्यानं बुजवलेला पोचा कधी कुणाला दिसला नाही. त्यामुळं नीळकंठही कुणाला दिसला नाही.

लोक म्हणत, "इंद्रभानच्या हातात जादू आहे!"

इंद्रभान फोटो काढणारा. वयानं लहान, बोलायला गोड. गाडीवाल्यांच्या घरी पाहुणचार झोडून यायचा आणि निगेटिव्ह टेबलावर ठेवून म्हणायचा, "नीळूभाऊ, जरासं पाहजा."

'जरासं' म्हणे! नीळकंठ पेन्सिल पॉलिशकागदावर करकरा घासायचा.

चौसष्ट साली स्टुडिओचे मालक अर्जुनराव म्हणाले, "माह्यी नजर गेली आता. दसऱ्याले पाटीवर माह्या नावाखाली एक नाव घालतो. लोक ज्याचं काम वाखाणतील, त्याचं."

त्या दिवसापासून नीळकंठ येता-जाता पाटीकडं बघायचा. मोकळ्या जागेत चार अक्षरं आरामात बसत होती. पण इंद्रभानचीही चारच होती.

अशात उंद्रीच्या हिंमतरावांनी नवी काळी अँबॅसडर आणली. इंद्रभान जाऊन फोटो काढून आला. नीळकंठनं निगेटिव्ह उजेडाला धरली आणि त्याला हसू फुटलं. गाडीचं दार आरशासारखं लखलखत होतं आणि त्यात खुद्द इंद्रभान उमटला होता: डोक्यावर कॅमेऱ्याचं काळं फडकं, पाय फाकलेले, पाठ वाकलेली. गव्हाणीत तोंड अडकलेल्या हेल्यासारखा.

बुजवायला अर्धा तास पुरला असता. नीळकंठनं पेन्सिल उचललीही. मग वाटलं, पाहू दे जगाले, जादूगार कसा दिसते ते. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

हिंमतराव फोटो न्यायला आले, सोबत मेहुणे पुंजाजी. नीळकंठ मान खाली घालून बसला. कान मात्र तिकडंच. हिंमतरावांनी चष्मा चढवला.

"हे दारात काय दिसून राह्यलं बे?"

इंद्रभानचा चेहरा उतरला. नीळकंठला आत गार गार वाटलं.

"पुंजाजी, पाहा! आख्खा फोटोग्राफर दिसते दारात! अशी चमक कोणाच्या गाडीले आहे जिल्ह्यात?"

"मागच्या जन्मी आरसाच असंन थे गाडी," पुंजाजी म्हणाले.

आठवडी बाजार भरेपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दसऱ्याच्या आधी पेंटर आला आणि पाटीवर चार अक्षरं रंगवून गेला. इंद्रभानची.

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली आणि झेंडूच्या माळा घातलेल्या जीपा, ट्रक स्टुडिओपुढं उभे राहिले. प्रत्येकाचं एकच म्हणणं, "आमच्याही गाडीत इंद्रभान दिसला पाह्यजे." पण देऊळघाटच्या धुळीतून आलेल्या जीपच्या दारात काय दिसणार? अर्जुनरावांनी फोटोंची चळत नीळकंठपुढं ठेवली.

"तूच काढ बापा ब्रशनं. तुह्याशिवाय कोण काढीन?"

बारा वर्षांत मालकांनी केलेली ही पहिली तारीफ. तीही इंद्रभानला चितारण्यासाठी. दात आवळून, काळ्या रंगात ब्रश बुडवून नीळकंठ दारादारांत इंद्रभान काढू लागला. एकाचे पाय त्यानं मुद्दाम वाकडे काढले. गाडीवाला खूशच झाला.

तिसऱ्या दिवशी नीळकंठची बायको सत्यभामाबाई डबा घेऊन आली. वाळत ठेवलेल्या फोटोंपुढं थबकली.

"हा कोण म्हणायचा?"

"पाटीवरचा. इंद्रभान."

"काहीतरीच तुमचं! इंद्रभानचे दोन्ही खांदे सरीखे आहेत. हा उतरलेला खांदा तं तुमचा आहे."

नीळकंठनं फोटो खिडकीशी नेला. मग दुसरा, मग तिसरा. ती खरं बोलत होती. काळ्या फडक्याखाली सगळीकडं तोच वाकला होता. चौदा फोटो तर कालच गाडीवाल्यांच्या घरी गेले होते, बैठकीत टांगायला.

"आता काय कराल?" तिनं विचारलं. "पुसाल?"

"जेवू दे अगोदर," तो म्हणाला.

जेवून त्यानं हात धुतले, ब्रश घेतला आणि उरलेल्या फोटोंतला डावा खांदा आणखी जरासा खाली उतरवला.