स्वतःच्याच शोधाची चोर

हॉल्सव्हिलच्या शाळेत मेल्बा क्रेनशॉ जमिनीवर फतकल मारून तारा जोडत बसली होती. मागून कोणीतरी खाकरलं. वळून पाहते तो दारात टोपी हातात धरलेला एक माणूस उभा.

"मेल्बा क्रेनशॉ आपणच का?"

ती "हो" म्हणाली, तसं त्याने एक जाडजूड पाकीट तिच्या हातात ठेवलं. "माफ करा हं बाई, मला पोचवायचेच पैसे मिळतात," एवढं पुटपुटून तो आल्या पावली निघून गेला.

ही दोन हजार नऊची गोष्ट. टेक्सासच्या पूर्व टोकाला, मार्शल गावात, मेल्बाची सात-आठ माणसांची कंपनी होती. शाळा, खेड्यातले दवाखाने, लहान बँका यांच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात बाहेरून कोणी घुसू नये म्हणून राखण करणारे डबे ती तयार करायची. मोठ्या कंपन्यांना असली गिऱ्हाइकं नको असतात. मेल्बा मात्र स्वतः गाडी काढून डबा बसवायला जायची, आणि शाळेतल्या शिपायाला तो बंद कसा करायचा नि चालू कसा करायचा तेही शिकवून यायची.

पाकिटात दाव्याचे कागद होते. कुठल्याशा कंपनीने पंचवीस-तीस कंपन्यांना मार्शलच्या कोर्टात खेचलं होतं, आणि त्या मोठमोठ्या नावांच्या शेपटाला मेल्बाच्या कंपनीचं नाव होतं. आरोप असा, की बाहेरून येणारी माहिती दारातच अडवायची, तिची ओळख पटवायची आणि मगच आत सोडायची, ही जी युक्ती या सगळ्यांनी वापरली आहे, ती फिर्यादी कंपनीच्या मालकीची आहे. पुरावा म्हणून पेटंट जोडलेलं होतं. त्याच्या पहिल्याच पानावर शोध लावणाऱ्याचं नाव छापलं होतं : मेल्बा जे. क्रेनशॉ.

आधी तिला हसूच आलं. तिने नवऱ्याला, डबला, फोन लावला. डबचं गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. मागे कसलं तरी इंजिन फटफटत होतं.

"डब, मी चोरी केलीये."

"कोणाकडे?"

"माझ्याकडेच."

"मग पोलिसांना मी फोन करू की तू करतेस?"

संध्याकाळी त्याने कागद स्वतः वाचले. त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं.

मेल्बा मूळची मार्शलचीच. तरुणपणी गावातल्या हायस्कुलात ती गणित शिकवायची. पुढे डॅलसजवळ रिचर्डसनला कंपन्या भराभर उघडू लागल्या तेव्हा तिने मास्तरकी सोडली आणि एका नव्या कंपनीत लागली. तिथे सगळ्या बाप्यांमध्ये ती एकटी बाई. ती दाराची युक्ती तिला तिथेच सुचली, फळ्यावर दुसऱ्याच कशाची तरी आकडेमोड करताना. कंपनीने तिच्या नावाने पेटंट काढलं, तिला एक लाकडी पाटी दिली आणि केक कापला. शोध तिचा, पण मालकी कंपनीची. नोकरीला लागतानाच तशा कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या जात. चारेक वर्षांनी बाजार कोसळला आणि कंपनी बुडाली. टेबलं-खुर्च्यांचा लिलाव झाला, त्याच लिलावात पेटंटंही गठ्ठ्याने गेली. मेल्बाने आपली बसायची खुर्ची तेवढी विकत घेतली. पेटंटं कोणी घेतली हे तिने विचारलंही नाही. खुर्ची गाडीत टाकून ती गावी परतली आणि नव्याने आपलं दुकान मांडलं.

आता त्या पेटंटाचा धनी आयत्या बिळावरचा नागोबा होऊन बसला होता. त्याचा पत्ता कागदावर होता, आणि तो तिला चांगलाच माहीत होता. कोर्टासमोरच्या चौकात, हॅटच्या दुकानाच्या वरचा मजला. ती इमारत ओपल जीन हॅगार्डची. रिचर्डसनची वर्षं सोडली तर ओपल जीन आणि मेल्बा चर्चमध्ये एकाच रांगेत उभ्या राहून तीस वर्षं गात आलेल्या.

"ओपल, वरची खोली दाखव मला."

"अगं, दुसऱ्याची खोली आहे ती. अशी कशी उघडू?"

"तू गेल्या ईस्टरला माझ्या घराची किल्ली घेऊन माझा फ्रीज उघडून अख्खा ॲपल पाय खाल्लास, तेव्हा नाही विचारलंस."

ओपल जीनने किल्ल्या घेतल्या. वरच्या मजल्यावर एका ओळीत सात-आठ दारं होती. प्रत्येक दारावर कंपनीच्या नावाची पाटी, आणि एकाही दारामागे माणसाची चाहूल नाही. मेल्बावर दावा लावणाऱ्या कंपनीचं दार तिने उघडलं. आत एक टेबल, एक खुर्ची आणि प्लास्टिकचं नेच्याचं झाड. टेलिफोन होता, पण त्याची तार भिंतीला जोडलेलीच नव्हती.

"इथे येतं कोण?"

"कोणी नाही. टपाल मी गोळा करते नि डॅलसला पाठवते. भाडं मात्र एक तारखेला येतं हं." मग तिचा आवाज खाली आला. "कोर्टाला दाखवायला गावातला पत्ता लागतो म्हणे. मी कशाला चौकशा करू, मेल्बा? नवरा गेल्यापासून या भाड्यावरच माझं चाललंय."

मेल्बा त्या खुर्चीत जाऊन बसली. भांडायला आली होती खरी, पण भांडणार कोणाशी? समोर ओपल जीन रडवेली झालेली आणि कोपऱ्यात ते झाड. थोड्या वेळाने ती उठली आणि म्हणाली, "झाडावर धूळ बसलीये, ती तरी पूस."

वकील म्हणून तिने रॉइस लीथमला धरलं. तो तिचाच जुना विद्यार्थी; पन्नाशीला आला तरी तिला अजून 'बाई' म्हणायचा. मार्शलच्या कोर्टात फिर्यादी लवकर जिंकतात म्हणून देशभरचे पेटंटचे दावे इथेच येत, आणि गावातल्या अर्ध्या वकिलांचा धंदा त्यांवरच चालायचा.

"खोटं कशाला बोलू बाई," तो आधीच म्हणाला, "अशा दोन कंपन्यांची वकिली मीही केलीये. पण तुमच्यावर ही पाळी येईल असं वाटलं नव्हतं."

"ते सोड. मला सांग, हे पेटंट टिकतंच कसं? पेटंट निघाल्यावर दोन वर्षांनी मला कळलं, कॅनडातल्या एका कॉलेजात हेच कोणीतरी आधी करून छापलेलं होतं. म्हणजे मी पहिली नव्हतेच. हे कोर्टात सांगितलं की संपलं ना?"

रॉइसने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"इतर कोणीही सांगितलं तर चालतं. तुम्ही सांगितलेलं चालत नाही."

"का?"

"कारण ते पेटंट तुम्हीच सही करून दिलंय. ज्याने माल दिला त्याने मागाहून 'माल कुचकामी होता' म्हणायचं नाही, असा नियम आहे. तुम्हालाही लागू आणि तुमच्या कंपनीलाही. अख्ख्या अमेरिकेत हे तोंडातून काढायची बंदी एकट्या तुम्हाला आहे, बाई."

"अरे, पण ते मलाच तर माहीत आहे!"

"हो ना."

"पेटंटच्या ऑफिसला फेरतपासणी करायला सांगितलं तर?"

"सांगता येईल. त्यांना वर्षानुवर्षं लागतात. आणि इथलं कोर्ट त्यांच्यासाठी थांबत नाही."

"मग त्या बड्या कंपन्या? त्या तरी बोलतील की नाही?"

"बोलल्या असत्या, पण त्या तेवढा वेळ टिकत नाहीत. लढण्यापेक्षा देऊन मोकळं होणं त्यांना स्वस्त पडतं."

झालंही तसंच. उन्हाळा सरेपर्यंत एकेक बडं नाव गळत गेलं. एका कंपनीने तडजोड केली की पुढची करी, कोणी किती दिलं ते गुलदस्त्यात. प्रत्येक वेळी रॉइस फोन करायचा, "बाई, अजून एक गेली." मेल्बाच्या ऑफिसात तिचा इंजिनियर गुस्तावो भिंतीवरच्या फळ्यावर नावं खोडायचा. शेवटी त्याने तो फळाच पुसून टाकला.

तिचा जबाब घ्यायला डॅलसहून फिर्यादीचा वकील आला. कॅल्डर नाव त्याचं. तरुण, हसतमुख, वागायला इतका गोड की मेल्बाला त्याचा धड रागही येईना.

"मेल्बाबाई, तुमच्या शोधाबद्दल मी वाचलं. खरं सांगू, मी थक्क झालो. त्या काळात हे सुचणं म्हणजे कमालच. बरोबर ना?"

रॉइसने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"बरं काम होतं," मेल्बा म्हणाली.

"विनय सोडा हो. हा शोध पहिल्यांदा आपणच लावला, असं तुम्ही शपथेवर लिहून दिलं होतं. ही सही तुमचीच?"

"हो."

"तेव्हा तुम्ही खोटं बोलला नव्हता?"

"नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं."

"उत्तम. आणि आज तुम्ही जो डबा विकता, तोही माहिती दारातच अडवतो?"

"अडवतो, पण तो वेगळ्या..."

"एवढं पुरे. आभारी आहे."

दिवसभर हेच चाललं. तो तिची स्तुती करायचा आणि तिच्या प्रत्येक 'हो'ने तिचाच गळा आवळत जायचा. बाहेर पडल्यावर ती डबला म्हणाली, "इतकं कौतुक तर माझ्या आईनेही केलं नव्हतं रे. आणि प्रत्येक कौतुकाला मी एक पायरी खाली."

थंडीत कोर्टात सुनावणी झाली. पेटंटातल्या 'दार' या शब्दाचा अर्थ काय, यावर. मेल्बाने तो शब्द लिहिला तेव्हा तिच्या मनात जाळ्याच्या बाहेर ठेवलेला, वेगळा डबा होता, एवढंच. आजचा तिचा डबा आत असतो आणि काम निराळ्या तऱ्हेने करतो. तेवढं मान्य झालं असतं तर ती सुटली असती. मागच्या बाकावर डबच्या शेजारी बसून ती ऐकत होती. कॅल्डर म्हणत होता, माहिती जिथे म्हणून थांबते ते सगळं दारच. रॉइस म्हणत होता, तसं असेल तर मग भिंत कशाला म्हणायचं? शब्दकोश उघडले गेले. भिंतीवर चित्रं दाखवली गेली.

डब तिच्या कानाशी लागला, "अगं, तू इथेच तर बसलीयेस. तुला विचारत का नाहीत?"

तिने मधल्या सुट्टीत रॉइसला तेच विचारलं.

"तुमच्या मनात काय होतं त्याला किंमत नाही, बाई," रॉइस म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "कागदावर काय आहे तेवढंच धरतात. लिहिणाऱ्याने नंतर कितीही सांगितलं, तरी ते मोजत नाहीत."

"मग मी इथे कशाला आले?"

"नका येऊ असं मी म्हटलं होतं."

काही आठवड्यांनी निकाल आला. 'दार' म्हणजे माहिती थांबते अशी कुठलीही जागा.

खटला उभा राहायला अजून बराच अवकाश होता. पण तोवर लढायचं तर कंपनी विकूनही पुरलं नसतं, आणि हरली असती तर घरही गेलं असतं. गुस्तावो म्हणाला, "आम्ही पगाराशिवाय थांबतो." त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. मेल्बा त्याला म्हणाली, "गाढवा, घरी जा."

तिने तडजोडीवर सही केली. फिर्यादीला द्यायला होतं तेवढं दिलं आणि डबा विकणं बंद केलं. शाळा आणि दवाखाने एका बड्या कंपनीच्या गळ्यात घातले. त्या कंपनीने पेटंटचा परवाना आधीच घेतलेला होता. त्या लोकांनी खेड्यांत माणूस पाठवायचं नाकारलं, फोनवरून काय ते सांगू म्हणाले. पुढचे कितीतरी महिने कुठली ना कुठली शाळा मेल्बालाच फोन करायची, आणि तिला सांगावं लागायचं, "मला हात लावायची परवानगी नाही हो." गुस्तावो ऑस्टिनला गेला. बाकीचे जिथे मिळालं तिथे लागले. मेल्बा पुन्हा गणित शिकवू लागली, लाँगव्ह्यूच्या कॉलेजात, तासाच्या हिशेबाने.

दोन वर्षांनी रॉइसचा फोन आला. एका धनाढ्य कंपनीने तडजोड नाकारली होती आणि शेवटपर्यंत झुंजली होती. पेटंट रद्द झालं होतं.

"म्हणजे ते कधी पेटंट नव्हतंच?" मेल्बाने विचारलं.

"कायद्याने म्हणाल तर, नव्हतंच."

"मग आमचं?"

"तडजोड ती तडजोड, बाई. ती परत उलगडत नाही."

तिने फोन खाली ठेवला. डबने गॅस बंद केला, तिचा कोट आणला आणि म्हणाला, "चल, कॅटफिश खायला जाऊ."

"भूक नाही."

"मग माझी बघत बस."

ती गेली. हॉटेल भरलेलं होतं. कुठल्या तरी नव्या पेटंटच्या दाव्याचा निकाल देणारी, गावातल्याच लोकांमधून निवडलेली ज्युरी जेवायला आली होती, छातीवर बिल्ले लावून. त्यांत तिची शेजारीण नेटी ब्रॅकीनही होती. तिने दुरूनच हात केला आणि मोठ्याने ओरडली, "मेल्बा, माझ्याशी कोर्टाबद्दल काही बोलू नकोस हं! आम्हाला बंदी आहे!"

"नाही बोलत," मेल्बा म्हणाली.

"बाकी खूप अवघड आहे बाई, सगळं कॉम्प्युटरचं! निम्मं तर कळतच नाही."

मेल्बाने तोंड उघडलं आणि मिटलं. डबने तिच्यापुढे आपली ताटली सरकवली. तिने काट्याने एक तुकडा घेतला आणि नेटी पुन्हा आपल्या लोकांकडे वळेपर्यंत ती तो सावकाश चावत राहिली.