आकडसासूचा लेख

नागपुरात त्या काळी माझ्या आकडसासूइतकं मन लावून दुसऱ्याचं बोलणं ऐकणारं माणूस नव्हतं, आणि मी आयुष्यात त्यांचा जितका हेवा केला तितका दुसऱ्या कोणाचाही केला नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे आकडसासू म्हणतात. नावावरून वाटतं तशी आकड त्यांच्यात मुळीच नव्हती; असती तर हेवा करणं मला सोपं गेलं असतं. सगळं घर त्यांना ताई म्हणे म्हणून मीही ताईच म्हणायचो, आणि त्या मला जावईबापू म्हणायच्या. आम्ही दोघंही मराठीचे प्राध्यापक, त्या मुलींच्या कॉलेजात आणि मी मुलांच्या. पुण्याच्या एका त्रैमासिकात आपला लेख छापून यावा अशी दोघांचीही इच्छा होती. आमच्या मंडळींत त्या त्रैमासिकाचा दबदबा असा, की ज्याचा लेख त्यात आला त्याला स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची न मागता मिळायची. माझा विषय होता जुन्या बखरींतल्या उपमा. ताईंचा विषय होता आपण नागपूरची माणसं घरात जे बोलतो ते : 'मले', 'तुले', 'काहून', 'मी जेवून राहिलो'. मला बखरींसाठी ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. ताईंना नुसतं आपल्या दारात उभं राहिलं की पुरे.

त्यांच्या पर्समध्ये जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या चिठ्ठ्या असायच्या आणि एक आखूड पेन्सिल. कोणाच्याही तोंडून हवं तसं वाक्य निघालं की त्या ते तिथंच टिपून घ्यायच्या. मग भांडण चालू असो की सत्यनारायण. आमच्या एका पुतणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी ती पोरगी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुम्ही सगळे इथंच राहून राहिले अन् मलेच काहून पाठवून राहिले वं आई?" सगळा मांडव रडत होता. ताईही रडत होत्या, अगदी खरं खरं रडत होत्या, पण त्यांचा हात पर्समध्ये गेलेला मी पाहिला. मग डोळे पुसत त्या नवरीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं पुन्हा म्हण वं बेटा, रडण्यात ऐकू नाही आलं." नवरीनं हुंदका आवरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, वाक्य पुन्हा म्हटलं. वराकडची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मला राग आला तो याचा, की ती पोरगी ताईंवर चिडली नाही. उलट माहेरपणाला आली तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे, की माझं वाक्य कामाला आलं का. माझ्या बखरीतली कोणतीही उपमा अशी चौकशी करायला कधी आली नव्हती. भाजीवालीसुद्धा कुरकुरायची, "बाई, तुमाले भाजी पायजे का माही बोली पायजे?" पण ताईंच्या फाटकापाशी टोपली उतरवून गप्पा मारल्याशिवाय पुढं जायची नाही.

लेख लिहायचा हंगाम म्हणजे मे महिना, कारण सुट्टी तेव्हाच. ताईंचं घर नंदनवन नावाच्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीत त्या सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर रांगांनी मांडायच्या : 'मले' खिडकीखाली, 'काहून' कपाटाजवळ, आणि 'राहिलो-राहिली' थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. एवढा कागद मांडला की पंखा लावता येत नाही. नागपूरचा मे ज्यानं भोगला असेल त्यालाच बिनपंख्याच्या खोलीचा अर्थ कळेल. भेटायला आलेला माणूस भिंतीच्या कडेकडेनं पावलं टाकत दिवाणापर्यंत पोचायचा आणि घाम पुसत बसायचा. पन्हं मिळायचं, पण पेला हातात धरूनच ठेवायचा. ओला पेला टेकायला कोरडी जागाच नसायची. तळण बंद, कारण तेलाचा हात कागदाला लागतो. अशा भट्टीत लोकांनी तिथं का जावं? पण जायचे. मीच माझ्या घरी कूलर लावून, वाळ्याचा वास दरवळत ठेवून, कोणी उपमांबद्दल विचारायला येईल म्हणून बसलेला असायचो, आणि माझीच बायको दुपारी छत्री घेऊन बहिणीकडे निघायची.

त्रैमासिकाचे नियम कडक होते. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, समास मोठा सोडावा, टिपा शेवटी द्याव्यात, शक्यतो टंकलिखित प्रत पाठवावी. ताईंनी सीताबर्डीवरच्या एका टायपिस्टकडे लेख दिला. तो सावनेरकडचा, बोलण्यात अस्सल आमच्या बाजूचा. त्यानं सुबक टाइप करून गठ्ठा आणून दिला. ताई वाचायला बसल्या आणि थांबल्या. लेखभर एकही 'मले' नव्हतं. जिथं जिथं 'मले' होतं तिथं त्यानं 'मला' केलं होतं, 'काहून'चं 'का' केलं होतं, आणि 'जेवून राहिलो'चं 'जेवत आहे'. आता लेख असं सांगत होता, की नागपूरचे लोक 'मला' न म्हणता 'मला' म्हणतात. ताईंनी विचारलं तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "म्याडम, पुण्याले जाऊन राहिला कागद. तुमची इज्जत राहावी म्हणून शुद्ध करून देल्लं." ताई हसल्या आणि घरी येऊन आधी त्याचं वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मग कार्बन घालून सगळा लेख स्वतःच्या हातानं लिहून काढला. अक्षर इतकं मोत्यासारखं, की मला माझ्या टाइप केलेल्या प्रतीची लाज वाटली.

त्या दिवसांत मला सर्वांत जास्त जळवलं ते बायकोनं. ताईंच्या लेखाची प्रत ती दिवाणावर लोळत वाचायची आणि मधेच खुदकन हसायची. "पाहा ना, ही आपली आत्या आहे," म्हणून मला वाचून दाखवायची. तिचं सगळं माहेर त्या लेखात नावानिशी नाही, पण आवाजानिशी बसलेलं होतं. माझ्या उपमांचं बाड तिच्या उशाशी आठवडाभर पडून होतं. विचारलं तर म्हणाली, "वाचून राहिली ना मी," आणि चष्मा शोधायला लागली. ताईंनी मात्र माझा लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलीनं बारीक खूण केली, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचंच बरोबर होतं. हे तर मला अजिबातच सहन झालं नाही.

दोन्ही लेख आम्ही एकाच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवले. माझा परत आला. सोबत आभाराचं छापील चिटोरं होतं. ताईंना मात्र संपादकांचं पत्र आलं : लेख स्वीकारण्याजोगा आहे, फक्त घरगुती बोलण्यातली उदाहरणं काढून छापील पुस्तकांतली घालावीत, आणि जिथं 'बोलीतील रूपे' म्हटलं आहे तिथं 'अशुद्ध रूपे' म्हणावं. एवढं केलं की पुढच्या अंकात छापू. मी त्याच संध्याकाळी नंदनवनात गेलो. ताई अंगणात सडा टाकत होत्या. मी त्यांना सांगितलं की यात काही अवघड नाही, मी बसतो मदतीला, एका दिवसात होईल. त्यांनी बादली खाली ठेवली. मग मी म्हणालो, "ताई, नाव तर छापून येईल. आतलं कोण एवढं वाचतं?"

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढ्या लोकांनी मले आपलं बोलणं देल्लं. ते चुकीचं आहे असं छापायले नाही देल्लं त्यांनी."

आणि त्यांनी संपादकांना तसं कळवून टाकलं, अगदी आदरानं, शुद्ध मराठीत. मी घरी आलो तो तडफडतच. त्या एका होकारासाठी मी बखरींतल्या सगळ्या उपमा गाळून दिल्या असत्या, बखरीही गाळल्या असत्या. जे मला मागूनही मिळत नव्हतं ते या बाईनं सडा टाकता टाकता परत केलं होतं. लेख छापून आला असता तर मी थोडे दिवस जळलो असतो आणि थंड झालो असतो. पण नाकारता येणं, याचा हेवा कसा करायचा आणि कुठवर, हे मला कळेना.

पुढं कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात ताईंनी तो लेख पुन्हा मांडला. पंखा बंद, तळण बंद. नवी उदाहरणं घालायच्या, कच्ची वाटणारी काढायच्या, पुन्हा तीच मोत्याची प्रत, पुन्हा रजिस्टर पोस्ट. दर वेळी लेख परत यायचा आणि त्या परत आलेल्या लेखाच्या समासात संपादकांनी चुकून काही चांगलं सुचवलं आहे का, ते शोधायच्या. मी दरम्यान एका दिवाळी अंकात दोन पानं लिहिली आणि स्वतःला लेखक समजायला लागलो. मग पुण्याला संपादक बदलले. नव्या संपादकांनी एका अक्षराचा फरक न करता ताईंचा लेख छापला. अंक आला तेव्हा सगळं घर नंदनवनात जमलं होतं. ताईंनी आधी मुद्रणाच्या चुका तपासल्या, मग अंक माझ्या हातात दिला आणि पन्हं करायला आत गेल्या.

मी वाचत गेलो. आत्या भेटली, भाजीवाली भेटली, तो टायपिस्ट भेटला. शेवटाकडे एक वाक्य होतं : "मले काहून विचारून राहिली, जा आपल्या बहिणीले विचार." खाली लिहिलं होतं, 'उच्चशिक्षित पुरुष, वय पस्तिशीचे, एरवी प्रमाण भाषा बोलणारा, रागात.' बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं पदर तोंडावर घेतला. ते कधी बोललो मला आठवत नव्हतं, पण कोणत्या जळफळाटात बोललो असेन ते ओळखता येत होतं. त्या त्रैमासिकात मी आयुष्यात छापून आलो तो एवढाच. स्टाफरूममध्ये ते पान मी पुष्कळांना दाखवलं. हा पुरुष कोण, ते सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर ताई जबलपूरला धाकट्या भावाकडे राहायला निघाल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आल्या. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी जेवताना सारखा बोलत सुटलो. 'मले' काय, 'तुमाले' काय, लहानपणीचे, आजोळचे, विसरलेले शब्द आठवून आठवून ताटाभोवती मांडत होतो, आणि डोळ्याच्या कडेनं पर्सकडे बघत होतो. पर्स खुंटीला होती. ताई सगळं ऐकत होत्या, नेहमीसारखंच, मान किंचित कलती करून.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "आज तुम्ही मुद्दाम बोलून राहिले."

मी विचारलं, मग घेणार नाही का तुम्ही हे.

"मुद्दाम बोललेलं घेता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटातला भात संपलेला पाहून भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवून आम्ही घरी आलो. बायकोनं मला काहीतरी विचारलं, मी तिला काहीतरी उत्तर दिलं. कोणत्या शब्दांत, ते आता दोघांनाही आठवत नाही.